सुरी ‘जाड आहे’ म्हणून विकू नका, मोजून विका



या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर दोन सुऱ्या आणि एक गाजर ठेवलं होतं. व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे, त्यात सगळं बोलता येत नाही. ज्यांना भांड्यांचं, किचनवेअरचं किंवा हार्डवेअरचं दुकान टाकायचंय, सुऱ्या स्वतःच्या ब्रँडखाली विकायच्यात, किंवा धार लावण्याची सर्व्हिस सुरू करायचीय, त्यांच्यासाठी बाकीचं इथे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सुऱ्या विकणाऱ्याच्या गल्ल्याशेजारी कॅलिपर नसेल, तर तो माल विकत नाही, नशीब विकतो. मीही दोन वर्षं तेच करत होतो.

१० डझनांचा धडा

कराडमध्ये माझं भांड्यांचं दुकान आहे. नवीन होतो तेव्हा एक सप्लायर सुऱ्यांचा लॉट घेऊन आला. त्याने सुरी हातात दिली आणि म्हणाला, “शेठ, पाठ बघा, पाठ! असली जाड पाठ दुसरीकडे मिळणार नाही.” खरंच, सुरी वजनदार होती. हातात घेतली की भारी वाटायची. भाव ९० रुपये. मी १० डझन उचलल्या, १०,८०० रुपयांचा माल. बोर्ड लावला, ‘हेवी ड्युटी’. आणि सांगतो, विकल्या पण पटापट! ग्राहकही माझ्यासारखाच, वजनावर जाणारा.

तिसऱ्या आठवड्यात केटरिंग करणाऱ्या एक काकू आल्या. सहा सुऱ्या नेल्या होत्या, सहाच्या सहा काउंटरवर ठेवल्या. म्हणाल्या, “दादा, ही सुरी गाजर कापत नाही, फोडते. माझ्या बायका दिवसभर हात दुखतात म्हणतायत.”

मला वाटलं, धार गेली असेल. बाजारात बसणाऱ्या धारवाल्याकडून सहाही सुऱ्यांना धार लावून आणली. कागद सर्रकन कापला जाऊ लागला. काकूंना परत दिल्या. चार दिवसांनी काकू पुन्हा हजर. टोमॅटो ठीक, कोथिंबीर ठीक, पण गाजर, बीट, रताळं, कोबीचा गड्डा यांत सुरी अर्ध्यात अडकते.

आता मला काहीच कळेना. धार आहे, तरी कापत नाही, हे कसं?

माझा मावसभाऊ तासवडे एमआयडीसीत टर्नर आहे. त्याने खिशातून कॅलिपर काढला, सुरी उलटी धरली आणि तीन ठिकाणी मोजली. मग आमच्या घरातली, आईच्या हातातली जुनी सुरी मोजली. ते आकडे मी अजून वहीत ठेवलेत:

माझी ‘हेवी ड्युटी’: पाठ २.६ मि.मी., धारेपासून १० मि.मी. वर २.३, धारेच्या लगेच मागे ०.९.

आईची जुनी: पाठ १.८ मि.मी., १० मि.मी. वर ०.९, धारेच्या लगेच मागे ०.२५.

भाऊ म्हणाला, “तुझी सुरी नाही रे, पट्टी आहे. पट्टीच्या कडेला धार काढलीय फक्त.”

मित्रांनो, त्या १२० पैकी २६ सुऱ्या परत आल्या. उरलेल्या मी भाव पाडून, ‘पोती आणि सुतळी कापण्यासाठी’ असं स्पष्ट सांगून विकल्या. पाचेक हजारांचा फटका बसला. पण खरा तोटा तो नाही. काकू अजूनही मोठी पातेली दुसऱ्या दुकानातून घेतात.

सुरी म्हणजे पाचर

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. सुरी ही एक पातळ पाचर आहे. लाकूड फोडताना पाचर काय करते? आत शिरते आणि दोन्ही बाजू ढकलते. लाकूड फोडायचंच असतं, म्हणून तिथे ते चालतं. गाजर फोडायचं नसतं, कापायचं असतं.

कापण्याच्या कामात दोन टप्पे असतात. पहिला टप्पा धारेचा. साल, वरचा पापुद्रा तोडून आत शिरायचं. टोमॅटो इथेच धार ओळखतो. दुसरा टप्पा पात्याचा. धार आत गेली, आता मागची सगळी जाडी त्याच फटीतून जायची असते. भाजी मऊ असेल तर ती बाजूला सरकते, काही अडत नाही. गाजर, बीट, सुरण, कच्चा भोपळा सरकत नाहीत. मग पातं अडकतं, आपण जोर लावतो, आणि ‘कट्’ असा आवाज होऊन गाजर तडकतं. तो कापल्याचा आवाज नाही, फुटल्याचा आहे.

म्हणून टोमॅटो धारेची परीक्षा घेतो, आणि गाजर आकाराची. दुकानात कागद कापून दाखवणारे सगळे फक्त पहिल्या टप्प्याचं प्रदर्शन करतात.

थोडा हिशोब बघा. ४५ मि.मी. रुंद पातं, पाठ ३ मि.मी., आणि पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत आणलेलं असेल, तर पाचरीचा एकूण कोन जेमतेम ४ अंश होतो. त्याच ३ मि.मी. पट्टीला फक्त खालच्या १५ मि.मी.मध्ये उतार काढला, तर कोन ११ अंशांच्या वर जातो. पाठ तीच, स्टील तेच, वजन उलट जास्त. काम मात्र वेगळं. सप्लायर मला पाठ दाखवत होता आणि मी पाठच विकत घेतली!

काय मोजायचं, कसं मोजायचं

साधन एकच, १५० मि.मी.चा डिजिटल कॅलिपर. स्टीलचा घ्या, प्लास्टिकचा नको. हजार रुपयांच्या आसपास कामाचा मिळतो. स्क्रीनवर ०.०१ मि.मी. दिसतं, पण दोन-तीन शतांशाचा फरक धरून चाला. ०.३१ आणि ०.३३ यात भांडू नका. ०.३ आणि ०.६ यात जरूर भांडा.

पद्धत लिहून घ्या:

१. कॅलिपरचे जबडे पुसा, बंद करा, शून्य करा.

२. मार्करने पात्यावर तीन ठिकाणी उभी रेघ मारा: मुठीजवळ, मध्ये आणि टोकाच्या अलीकडे. प्रत्येक रेघेवर धारेपासून ५ आणि १० मि.मी.वर खूण करा.

३. सुरी धार वर करून धरा आणि कॅलिपर धारेच्या बाजूने घाला. नव्वद टक्के नवशिके इथेच चुकतात, मीही चुकलो. पाठीच्या बाजूने घातला तर जबडे पाठीलाच टेकतात आणि कितीही खाली न्या, आकडा पाठीचाच येतो. धारेच्या बाजूने घातला की जबड्यांची टोकं जिथवर पोचतात, तिथली जाडी मिळते.

४. कॅलिपर किंचित डोलवा आणि सर्वांत कमी दिसणारा आकडा लिहा. तिरका धरला की आकडा नेहमी जास्तच येतो. जबडे धारेवर दाबू नका. धारही जाते आणि बोटही.

५. आता धारेच्या मागची जाडी. धारेला लागून जी चकचकीत अरुंद पट्टी दिसते ना, तो धारेचा उतार. ती पट्टी जिथे संपते, तिथली जाडी घ्या. सगळ्यांत महत्त्वाचा आकडा हाच.

कुणी म्हणेल, मायक्रोमीटर जास्त अचूक असतो, तो घेऊ का? पत्रा मोजायला घ्या. पण साध्या मायक्रोमीटरचं तोंड सहा-साडेसहा मि.मी. रुंद, गोल आणि सपाट असतं. उतरत्या पात्यावर ते धारेजवळ नीट बसतच नाही. इथे कॅलिपरची बारीक टोकंच कामाची.

मुठीजवळ पाठ २.२ आणि टोकाजवळ १.२ असेल तर समजा कारागिराने मेहनत घेतलीय. मुठीपासून टोकापर्यंत २.६, २.६, २.६ येत असेल, तर ती पत्र्यातून कापलेली पट्टी आहे. लहान, स्वस्त सुरीत हे चालतं, तिचा पत्राच पातळ असतो. मोठ्या सुरीत हे महागात पडतं.

कोन: प्रोट्रॅक्टर नको, भागाकार पुरे

धारेचा कोन मोजायला लेझरची यंत्रं मिळतात. सुरुवातीला नकोत. मोबाईलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने धारेच्या उताराचा फोटो काढा, शेजारी अर्ध्या मि.मी.च्या खुणांची स्टीलची पट्टी ठेवा, आणि उताराची रुंदी मोजा. मग:

एकूण कोन ≈ ५७ × धारेमागची जाडी ÷ उताराची रुंदी.

अर्धा केला की एका बाजूचा कोन. आईची सुरी: जाडी ०.२५, उतार ०.५. ५७ × ०.२५ ÷ ०.५ = साधारण २८, म्हणजे बाजूला १४ अंश. माझी हेवी ड्युटी: जाडी ०.९, उतार १.४. साधारण ३७, म्हणजे बाजूला १८ अंश.

इथे थांबा आणि विचार करा. १८ अंश हा काही वाईट कोन नाही! युरोपातल्या अनेक नामांकित सुऱ्या वर्षानुवर्षं बाजूला २० अंशांच्या आसपास यायच्या. म्हणजे माझ्या सुरीचा कोन ठीक होता, धार ठीक होती, आणि तरी सुरी नापास होती. दोष धारेच्या मागे होता, जिथे धारवाल्याचा दगड पोचलाच नाही.

आजीची विळी आठवून बघा. आजी पातं दगडावर जवळजवळ आडवं धरून घासायची. त्यात धार तर यायचीच, पण धारेमागचं लोखंडही झिजत राहायचं. आजकाल चाकावर सुरी उभी टेकवली, ठिणग्या उडाल्या, झालं. दहा-वीस रुपयांत धारवाल्याने तरी आणखी काय करावं? पण प्रत्येक वेळी अशी धार लावली की धार वर सरकते, जास्त जाड भागात जाते. चार-पाच वेळा धार लावल्यावर ‘पहिल्यासारखी राहिली नाही’ असं बायका म्हणतात, ते अगदी खरं आहे. आता ते आकड्यात सांगता येतं.

‘गेज’ शब्दात अडकू नका

बाजारात गेलात की कुणी मि.मी. बोलत नाही, गेज बोलतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गेज वाढला की जाडी कमी होते. १४ गेज म्हणजे साधारण २.०३ मि.मी., १६ म्हणजे १.६३, १८ म्हणजे १.२२, २० म्हणजे ०.९१. हा झाला ब्रिटिश पद्धतीचा गेज. अमेरिकन पद्धतीत स्टेनलेसचा १६ गेज १.५९ च्या आसपास येतो. फरक थोडा आहे, पण वादाला पुरतो. म्हणून ऑर्डरवर गेज लिहूच नका. ‘पाठ मुठीजवळ २.० मि.मी., धारेमागे जास्तीत जास्त ०.४ मि.मी.’ असं लिहा. पहिल्यांदा सप्लायर हसेल. हसू द्या. माल परत करताना तोच कागद कामाला येतो.

पातळ म्हणजे चांगली, असंही नाही

आता काही जण उलट्या टोकाला जातील. नको. एका मटणवाल्या मित्राला मी पातळ, सुंदर सुरी दिली, धारेमागे ०.२५. त्याने पहिल्याच दिवशी हाडावर मारली. धारेचा तुकडा उडाला. चूक त्याची नाही, माझी. मी काम न विचारता माल दिला.

माझ्या काउंटरवर मी हे आकडे वापरतो. हा कायदा नाही, माझा अंदाज आहे, तुमच्या गिऱ्हाइकाप्रमाणे बदला:

फळं, मिरची, बारीक भाजी: पाठ १ ते १.५, धारेमागे ०.२ ते ०.३, बाजूला १५ अंश.

घरातली मोठी सुरी: पाठ मुठीजवळ २ ते २.५, धारेमागे ०.३ ते ०.४, बाजूला १५ ते १८ अंश.

हॉटेल, केटरिंग, दहा हात बदलणारी सुरी: धारेमागे ०.४ ते ०.५, बाजूला २० अंश. थोडी कमी कापेल, पण टिकेल.

हाडं तोडायचा सत्तूर: पाठ ४ च्या वर, धारेमागे ०.८ च्या वर, बाजूला २५ अंश किंवा जास्त. इथे वजन आणि जाडी हवीच. आणि नारळासाठी कोयताच द्या, सुरी नको.

मोठी पाती ठेवणार असाल तर लांबी-रुंदीही मोजा. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून बिलावर ‘किचन नाइफ’, ‘मटण सत्तूर’ असा उपयोग स्पष्ट लिहा आणि शोभेच्या तलवारी-खंजिरांच्या नादाला लागू नका.

“पण ग्राहक कुठे मोजतो?”

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. सर, ग्राहक वजन बघतो, चमक बघतो, भाव बघतो. मग आपण कशाला डोकं लावायचं?

माझं उत्तर: ग्राहक मोजत नाही, पण त्याचं मनगट मोजतं. केटरिंगच्या काकूंना ०.९ हा आकडा माहीत नव्हता, हात दुखतो हे माहीत होतं. ग्राहकाला आकडा सांगता येत नाही म्हणून तो भांडतही नाही, फक्त पुन्हा येत नाही. आणि न येणारा ग्राहक तुमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही. बीबीएला आम्हाला कस्टमर रिटेन्शन शिकवलं, पण ते कॅलिपरच्या टोकावर असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, जगात हे मोजलं जातं. सुरीची धार आणि धारेचा टिकाऊपणा तपासायला आयएसओ ८४४२ मालिकेचा पाचवा भाग आहे, २००४ चा. त्यात वाळूसारखी सिलिका मिसळलेला कागदाचा गठ्ठा सुरीने ठरलेल्या पद्धतीने कापतात आणि प्रत्येक फेरीत किती खोल गेली ते मोजतात. जर्मनीतलं झोलिंगन शहर सुऱ्यांसाठी एवढं प्रसिद्ध की त्या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. नाव असं उगाच होत नाही. आपल्याकडे ते यंत्र नाही, ते शहर नाही, पण कॅलिपर आणि गाजर तर आहे?

तिसरा आक्षेप जास्त खरा आहे. पातळ ग्राइंड केलेली सुरी महाग पडते. बरोबर. पात्याची अख्खी बाजू उतरवायला वेळ लागतो, आणि घाई केली की स्टील तापतं. धार निळी पडली की लोहाराने दिलेलं पाणी तिथे उतरलं समजा, ती धार टिकत नाही. म्हणून चांगला कारागीर थांबत थांबत, पाण्यात बुडवत काम करतो. त्या वेळेचे पैसे द्यावेच लागतात. पण तुम्ही मोजून दाखवलंत तर ते पैसे ग्राहकाकडून घेताही येतात. ‘ही १२० ची, ही २२० ची’ एवढंच सांगितलं तर तो १२० ची घेणार. दोन्ही सुऱ्यांनी गाजर कापून, दोन्हींचे आकडे दाखवले तर तो निदान विचार करतो. सगळे महागडी घेत नाहीत, खोटं कशाला सांगू? पण १२० ची घेणारासुद्धा काय घेतोय ते समजून घेतो, आणि नंतर काउंटरवर आदळत नाही.

आता तुमचं काम

माझ्याकडे आता प्रत्येक सुरीसोबत एक छोटं कार्ड असतं. त्यावर चार ओळी: पाठ, धारेमागची जाडी, कोन, आणि ‘यासाठी नाही’. सगळ्यांत जास्त फायदा चौथ्या ओळीचा झाला. सुऱ्या परत येणं पूर्ण थांबलं नाही, पण वाद थांबला. शिवाय धारेमागचं पातं पातळ करून देण्याची सर्व्हिस सुरू केली. नुसत्या धारेपेक्षा तिचा दर जास्त आहे, कारण काम जास्त आहे, आणि आधी-नंतरचा आकडा बिलावर लिहून देतो.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या तीन सुऱ्या घ्या: आवडती, नावडती आणि कुणीच न वापरणारी. तिन्हींची पाठ, १० मि.मी. वरची जाडी आणि धारेमागची जाडी वहीत लिहा. मग तिन्हींनी एकेक गाजर कापा. घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आकडे न दाखवता विचारा, कुठली चांगली. आकडे आणि त्यांचं उत्तर शेजारी शेजारी ठेवा. माल भरायला त्यानंतर जा, आधी नाही.

आणि सप्लायर “शेठ, पाठ बघा” म्हणाला, तर हसून सुरी उलटी करा आणि कॅलिपर धारेच्या बाजूने घाला.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हात सांभाळून मोजा!